घरातली इंग्रजी आणि मुकी होत चाललेली आई

इंग्रजी हवी की नको, हा वाद आता संपला आहे आणि तो इंग्रजीने जिंकला आहे. मालेगावचा यंत्रमाग कामगार असो, मिरजेचा गाडीवाला असो की चिपळूणहून आखातात गेलेला ड्रायव्हर असो. आपल्या पोराला इंग्रजी आली पाहिजे हे त्याला कुणी पटवून द्यावे लागत नाही. इंग्रजीअभावी काय काय हातचे गेले याचा हिशेब त्याने स्वतःच्या आयुष्यात मांडलेला असतो. इंग्रजीच्या विरोधात उभे राहण्याचा आमचा अजिबात इरादा नाही. आमचे भांडण इंग्रजीशी नाही. इंग्रजीच्या नावाखाली आमच्या घराघरांत जे चालले आहे, त्याच्याशी आहे.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्र शासनाने सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तोवर मराठी शाळेतल्या मुलाची आणि इंग्रजीची पहिली गाठ पाचवीत पडत असे. त्या निर्णयावर तेव्हा बरेच रान उठले. आज मागे वळून पाहिले, तर त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले तिशी ओलांडून स्वतः आईबाप झाली आहेत. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली ही पहिली पिढी. आणि हीच पिढी आज आपल्या तिसरी-चौथीतल्या मुलासाठी इंग्रजीची शिकवणी शोधत गल्लोगल्ली हिंडते आहे. याचा अर्थ काय घ्यायचा? 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांना इंग्रजीतली साधी वाक्ये वाचायला दिली जातात. २०१६ साली चार मुलांमागे जेमतेम एकाला ती वाचता आली. २०२२ सालीही चारांत एकालाच. मधल्या सहा वर्षांत पाट्या बदलल्या, गणवेश बदलले, टाय आले, फिया वाढल्या. आकडा मात्र जागचा हलला नाही.

शाळेला जे जमले नाही ते आता घरावर ढकलले जात आहे. त्याला गोंडस नाव आहे 'होम ॲक्टिव्हिटी'. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळांना कुलुपे लागली आणि शिक्षण मोबाईलमध्ये शिरले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो बाप कामावर घेऊन जात होता, त्या घरातल्या मुलाचे काय झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळा पुन्हा उघडल्या. पण 'घरी करून घ्या' हा संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कायमचा राहिला. वर्कशीटची प्रिंट काढा. चित्रे चिकटवा. 'माय रूम'वर दहा ओळी लिहून घ्या. 'माय पेट'वर प्रोजेक्ट करा. सुटीत रोज एक पान कर्सिव्ह गिरवून घ्या. प्रत्येक वाक्यातले 'घ्या' कुणाला उद्देशून आहे? मुलाला नव्हे, आईला. रात्री सगळ्यांची जेवणे उरकल्यावर थर्माकोल कापत बसलेली आई, प्रिंटसाठी झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजणारा बाप आणि कोपऱ्यात झोपी गेलेले मूल: आमच्या मोहल्ल्यातली 'ॲक्टिव्हिटी' ती हीच.

या कागदांवरचे घर कुणाचे असते तेही एकदा पाहून घ्या. त्या घरात मुलाला स्वतंत्र खोली असते. मागे बाग असते. बागेत कुत्रा असतो. रविवारी आईवडील मुलांना घेऊन सहलीला जातात. सात-आठ माणसे एका खोलीत आणि वरच्या पोटमाळ्यावर राहतात, त्या घरातल्या चौथीच्या मुलाने 'माय रूम'वर काय लिहावे? तो गाईडमधून उतरवतो. 'माय रूम इज बिग अँड बेड इज सॉफ्ट.' बाई बरोबरची खूण करतात. आम्ही इथे गरिबीचे रडगाणे गात नाही. आमची तक्रार वेगळी आहे. त्या मुलाने त्या दिवशी दोन गोष्टी शिकल्या. एक, इंग्रजीत खोटे लिहिले तरी गुण मिळतात. दुसरी, आपले खरे घर हे चुकीचे उत्तर आहे. यातली दुसरी गोष्ट तो आयुष्यभर विसरत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे पालकसभेतला हुकूम: 'घरी मुलांशी इंग्रजीतच बोला.' हा सल्ला देणाऱ्यांना त्याचा परिणाम ठाऊक नसावा, असे आम्ही धरून चालतो. कारण ठाऊक असूनही देत असतील, तर तो गुन्हा आहे. आईला इंग्रजी किती येते? 'कम हिअर', 'सिट डाऊन', 'ईट फास्ट', 'डोंट टच'. फार तर पन्नासेक शब्द, आणि तेही सगळे हुकमाचे. काल हीच आई मुलाला विचारत होती, 'शाळेत भांडण कशावरून झालं? आधी कोणी ढकललं? मग तू का नाही सांगितलंस?' ती सांगत होती की दादाजान पुराच्या वर्षी कसे वाचले, मामूचा निकाह मोडता मोडता कसा राहिला, यंदा तांदूळ महाग का झाला. आज ती म्हणते, 'ईट फास्ट.' मूल म्हणते, 'येस मम्मी.' संभाषण संपले. इंग्रजी घरात आली नाहीच. होती ती भाषा मात्र गेली. बोलती आई मुकी झाली.

आठ ते अकरा या वयात मुलाचे मन कशावर वाढते? 'कारण', 'म्हणून', 'जर-तर', 'तरीसुद्धा', 'नाहीतर' या शब्दांवर वाढते. लांब वाक्ये ऐकत, लांब वाक्ये बोलत, वाद घालत, गोष्ट पुढे नेत वाढते. हे शब्द ज्याच्या मनात एका भाषेत पक्के बसले आहेत, त्याला ते दुसऱ्या भाषेत नेता येतात. जे मुळात नाहीतच, ते न्यायचे कुठून? कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हाच विचार मांडला: पहिल्या भाषेतली समज दुसऱ्या भाषेला आधार देते, तिची जागा अडवत नाही. युनेस्कोने तर १९५३ सालीच आपल्या अहवालात मातृभाषेतून शिक्षणाची बाजू घेतली होती. आपल्याकडच्या शिक्षण हक्क कायद्याचे (२००९) २९ वे कलम म्हणते की शक्य तोवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे आणि शिकणे कृतीतून, शोधातून व्हावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरला. कायदा एक सांगतो, धोरण तेच सांगते, अभ्यासक तेच सांगतात. आणि पालकसभेत मात्र आईला तोंड बंद ठेवायला सांगितले जाते.

मराठी मुसलमानाच्या घरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. आमच्या मुलाच्या वाट्याला भाषा किती येतात ते मोजा. घरात दखनी किंवा कोकणी किंवा सरळ मराठी. शाळेत मराठी, कुठे उर्दू. मकतबमध्ये अरबी. टीव्हीवर हिंदी. आणि वर इंग्रजी. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटला आणि २९ जूनला शासनाला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या गदारोळात कुणालाही आठवले नाही की आमचे पोर दहाव्या वर्षाच्या आत चार-पाच भाषांच्या उंबऱ्यांवरून रोज ये-जा करते. काहींना ही पाच ओझी वाटतात आणि मग सल्ला मिळतो: घरची तेवढी टाका, बाकीच्या ठेवा. म्हणजे पाया काढा, माळे ठेवा!

या मातीत आपली भाषा मराठी आहे, हे सांगण्यासाठी आमच्या मागच्या पिढीने दोन आघाड्यांवर लढत दिली. मुसलमानाची भाषा उर्दूच, असे बजावणारे घरातले एकीकडे होते. मुसलमान आणि मराठीत लिहितो म्हणून भुवया उंचावणारे बाहेरचे दुसरीकडे होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते याच संघर्षातून. जी भाषा आम्ही एवढ्या कष्टाने आपली म्हणून मिळवली, ती आता कुठल्याही वादाशिवाय, कुठल्याही ठरावाशिवाय, स्वयंपाकघराच्या दारात आम्ही स्वतःच सोडून द्यायची? आणि बदल्यात काय मिळाले? 'ईट फास्ट'!

एक नाजूक गोष्ट इथे बोलली पाहिजे. आमची मुले मकतबमध्ये नाजरा शिकतात. अर्थ न कळताही कलामे पाक पढण्यामागे श्रद्धा आहे, इबादतीची भावना आहे. त्याबद्दल आम्हाला इथे काही म्हणायचे नाही. परंतु तीच रीत आम्ही इंग्रजीला लावून बसलो आहोत. मूल धडा मोठ्याने घडाघडा वाचते, माना डोलतात, 'माशाअल्लाह, काय फाडफाड वाचतो!' काय वाचलेस बाळा, असे कुणीही विचारत नाही. इंग्रजी ही इबादत नव्हे. ती अर्थाविना वाचल्याने सवाब मिळत नाही. नुसता वेळ जातो. इंग्रजीचे ज्ञान अर्थातच आहे, अर्थाबाहेर तिथे काहीही नाही. गाईडमधली प्रश्नोत्तरे पाठ करणारे मूल पाचवीत पहिले येते आणि आठवीत विज्ञानाचे पान समोर आले की गप्प होते, त्याचे कारण यातच आहे. सहा वर्षे त्याने आवाज शिकला, भाषा शिकलीच नाही.

यावर आम्हाला काय उत्तर मिळते तेही ठाऊक आहे. 'तुम्ही लेखक लोक. मातृभाषेची भाषणे द्यायची आणि स्वतःची नातवंडे कॉन्व्हेंटला घालायची!' हा टोला खोटा नाही. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या अनेक धुरीणांना तो लागू पडतो. पण त्यातून सिद्ध काय होते? ज्या अभिजन घरातली मुले इंग्रजी शाळेत टिकतात, त्या घरात पुस्तके असतात, वर्तमानपत्र असते, जेवताना चर्चा असते, प्रश्नाला उत्तर देणारा मोठा माणूस असतो. ती मुले इंग्रजी शाळेच्या पाटीमुळे पुढे जात नाहीत. घरातल्या बोलण्यामुळे जातात. आम्ही त्यांच्याकडून पाटी उचलली आणि बोलणे तिथेच ठेवून आलो.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. 'आई चौथी शिकलेली. ती इंग्रजी काय शिकवणार?' हे वाक्य शाळा उच्चारते, शिकवणीवाला उच्चारतो आणि वाईट म्हणजे आई स्वतःही उच्चारू लागली आहे. आमचे उत्तर असे: आईने इंग्रजी शिकवायची नाहीच. ते शाळेचे काम आहे आणि त्याचा पगार शाळेला मिळतो. आईने फक्त एक करायचे. विचारायचे. ज्याला काही माहीत नाही त्याला समजावून सांगताना जेवढे शिकणे होते, तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाही. घरात इंग्रजी न येणारी आई ही मुलाच्या इंग्रजीची अडचण नव्हे. ती त्याला मिळालेली सर्वांत चांगली विद्यार्थिनी आहे.

हे बोलणे हवेतले वाटू नये म्हणून काही उदाहरणे देतो. तिसरी ते सातवीच्या मुलासाठी यातल्या एकालाही प्रिंट लागत नाही.

घरात येणारे प्रत्येक पाकीट घ्या. बिस्किटाचे, मसाल्याचे, औषधाचे. २०११ च्या वजनमाप नियमांनुसार त्यावरची माहिती देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागते. मराठीत असण्याची सक्ती नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या आईशी तिच्या डब्यातला माल तिच्या भाषेत बोलत नाही. तो मुलाला वाचू द्या. 'नेट वेट' किती? 'बेस्ट बिफोर' म्हणजे काय आणि 'एक्स्पायरी' म्हणजे काय, दोन्हींत फरक कोणता? आमच्या घरांत एक प्रश्न तर हमखास असतोच: या जेलीच्या गोळीत जिलेटीन आहे का, आणि असेल तर कशापासून? तो प्रश्न आईचा खरा प्रश्न आहे, वर्कशीटवरचा नव्हे. घटकांची बारीक अक्षरातली यादी वाचून मुलाने मराठीत उत्तर द्यायचे. चुकले तर गोळी परत जाईल. असे वाचन एकदा केलेले मूल तो शब्द विसरणार नाही.

दुसरे, पाककृती. अम्मी शीरखुर्म्याची कृती मराठीत सांगेल, मूल इंग्रजीत लिहील. धुवा, चिरा, भिजवा, उकळा, ढवळा, गाळा, ओता: दहा-बारा क्रियापदांत सगळे स्वयंपाकघर बसते. 'आधी', 'मग', 'तोवर', 'शेवटी' यांना इंग्रजीत काय म्हणतात ते शोधावे लागते. ज्या वस्तूला इंग्रजी शब्द नाही तिथे आपला शब्द ठेवायचा. कोकणातल्या घराने सांदण लिहावे आणि 'सांदण'च म्हणावे. इंग्रजीने जगभरातून शब्द उचलले आहेत, एक आणखी उचलेल.

तिसरे, शब्दांची घरे. इंग्रजीतला 'शुगर' कुठून गेला? आपल्या शर्करेपासून फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि तिथून युरोपात. 'कॉटन' हा अरबी कुत्न. 'लेमन' आणि आपले लिंबू एकाच घरचे. 'सॅफ्रन' म्हणजे जाफरान, 'शर्बेट' म्हणजे सरबत, 'पजामा' म्हणजे पायजमाच. ज्याच्या भीतीने सातवीची मुले रडतात तो 'अल्जिब्रा' नवव्या शतकातल्या अल-ख्वारिज्मीच्या ग्रंथातला अल-जब्र, आणि आज ज्याची इतकी चर्चा आहे तो 'अल्गोरिदम' त्याच माणसाच्या नावावरून आलेला. 'मॅगझिन' हा शब्दसुद्धा मखजन, म्हणजे कोठार, यावरून बनला. नानीला विचारून, डबे उघडून असे दहा शब्द शोधायला सांगा. जे मूल समजत होते की इंग्रजी ही कुणा दुसऱ्याची, साहेबाची वस्तू आहे, त्याला कळेल की त्या वाड्यात आपलेही सामान पडलेले आहे. न्यूनगंड भाषणांनी जात नाही, असा जातो.

चौथे, उच्चार. शिकवणीवाले ज्यासाठी पैसे घेतात त्यातले काही आमच्या मुलांच्या ओठांवर आधीपासून आहे. 'फजर' म्हणताना आमचे मूल वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडते. 'फॅन'मधला आवाज तोच. 'नमाज'मधला 'ज' आणि 'झू'मधला आवाज एकच. त्याला हे सांगा की तुला येते. मग 'व्हॅन' आणि 'वन' यांतला फरक शिकवा, कारण आपला 'व' दोन्हीकडे एकच वापरला जातो आणि तिथे खरी मेहनत आहे.

पाचवे, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या. 'अम्मी', 'चहा', 'करते' अशा तीन मराठी चिठ्ठ्या मांडा. खाली इंग्रजीच्या मांडा. क्रियापद शेवटून उठून मधे येऊन बसते. 'फळीवर' लिहिताना 'वर' मागे असतो. इंग्रजीत तो पुढे येतो. अम्मीने विचारावे, 'असं का रे? आणि मधेच हा 'द' कशाला?' उत्तर देताना मुलाला व्याकरण स्वतः शोधावे लागेल. तीन पिढ्या पाठ करूनही जे डोक्यात शिरले नाही, ते इथे चिठ्ठी हलवताना दिसते.

सहावे, गोष्ट. दादी गोष्ट सांगेल तिच्या भाषेत, तिच्या चालीत. मूल ती पाच वाक्यांत इंग्रजीत लिहील आणि मग दादीला पुन्हा मराठीत वाचून दाखवील. दादी म्हणेल, 'अरे, कोल्हा का पळाला ते तर तू लिहिलंच नाहीस!' ही तपासणी लाल शाईच्या तपासणीपेक्षा मोलाची आहे, कारण ती अर्थाची आहे. रत्नागिरी-रायगडच्या ज्या घरांत बाप आखातात आहे, तिथे व्हिडिओ कॉलवर 'बोल बेटा इंग्लिशमध्ये' म्हणून पोराला पोपट बनवण्यापेक्षा त्याला आठवड्याला चार ओळींचे पत्र लिहू द्या. घराचे छप्पर गळाले, गाय व्याली, ताई पडली. बापाला समजेल अशी इंग्रजी. अडेल तो शब्द मराठीत. बाप उत्तर देईल, तेही तसेच.

आता मुलींविषयी. 'घरी शिकणे' हा शब्दप्रयोग आमच्या समाजात मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी एकाच अर्थाचा नाही. मुलाला शिकवणी लागते, सायकल मिळते. मुलीला सांगितले जाते, 'लांब आहे, अंधार पडतो, फी दोघांची झेपत नाही. तू हुशार आहेस, घरीच शीक.' आणि घरी शिकायला बसलेल्या पाचवीच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड दिले जाते. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीने या समाजाचे शैक्षणिक मागासलेपण आकड्यांनिशी समोर ठेवले. तेव्हापासून आम्ही शासनाकडे बोट दाखवतो आहोत आणि ते दाखवलेच पाहिजे. पण घरातल्या एकाच छताखाली भावाला शिकवणी आणि बहिणीला केरसुणी हा भेदभाव कुठल्याही शासनाने केलेला नाही. तिचे घर हीच तिची शाळा असेल, तर ते घर बोलते असले पाहिजे. ते मुके केले तर सर्वांत जास्त नुकसान तिचे होणार आहे, कारण तिला दुसरीकडे जायला जागाच नाही. तिच्यासाठी रोजचा एक तास ठरवा. त्या तासात पाण्याचा हंडा नाही, धाकटा भाऊ नाही, पाहुण्यांचा चहा नाही. भावाला तो चहा करता येतो.

शाळांना आमचा सवाल आहे. तुम्हाला मिळालेले मूल दिवसाचे पाच-सहा तास तुमच्याकडे असते. त्या वेळात इंग्रजीचे वाचन होत नसेल, तर रात्री साडेनऊला दमलेल्या आईकडून ते करून घेण्याचा हक्क तुम्हाला कुणी दिला? बालभारतीची इंग्रजीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात; त्यांत संवाद आहेत, खेळ आहेत, कोडी आहेत. ते बाजूला ठेवून महागड्या खाजगी वर्कबुकांचा गठ्ठा पालकांच्या माथी मारला जातो तो कुणाच्या फायद्यासाठी? आणि आमच्याच मोहल्ल्यात 'इंटरनॅशनल' पाट्या लावून, दहावी-बारावी झालेल्या मुलींना तुटपुंज्या पगारावर उभे करून जे इंग्रजीचे दुकान चालवतात, त्यांनी समाजसेवेची भाषा तरी करू नये.

जमातीच्या आणि अंजुमनच्या कारभाऱ्यांनाही विचारायचे आहे. लग्नाला हॉल आहे, जेवणावळीला भांडी आहेत. मुलांना बसून वाचायला एक दिवाणखाना आणि शंभर पुस्तके का नाहीत? ज्या घरात पाठ टेकायला जागा नाही, त्या घरातल्या मुलाला 'घरी अभ्यास कर' म्हणणे ही थट्टा आहे. जमातखान्याची एक खोली असर ते मगरिब मुलामुलींसाठी उघडी ठेवायला किती खर्च येतो? पंखा, दिवा आणि एक जबाबदार माणूस. त्या खोलीत कुणी शिकवायचेही नाही. मोठ्याने धाकट्याला वाचून दाखवायचे, धाकट्याने अर्थ विचारायचा, आणि अर्थ मराठीत सांगितला तर कुणी रागवायचे नाही. एवढा एकच नियम पुरे.

आम्ही विचारतो ते मोठे काही नाही. पुढच्या जूनमध्ये पालकसभा भरेल. 'घरी इंग्रजीतच बोला' असे कुणी पुन्हा म्हणेल. तेव्हा मागच्या रांगेत ओढणी सावरून बसलेल्या एकीने तरी उठून विचारावे, 'सर, माझ्या मुलाशी मी माझ्या भाषेत बोलले तर त्याचं नेमकं काय बिघडतं, ते सांगा.' उत्तर मिळणार नाही, कारण उत्तर नाहीच. मग तिने घरी जावे, पोराला जवळ बसवावे, त्याचे इंग्रजीचे पुस्तक हातात घ्यावे आणि मराठीत, दखनीत, कोकणीत, जी आपली असेल त्या भाषेत म्हणावे, 'मला हे वाचता येत नाही. यात काय लिहिलंय ते मला सांग.'